दहाव्यापुरता आवाज बंद

कठड्यावरचा भाताचा मुटका कडेने पिवळा पडला होता... वरचं दही वाळून त्याला पापुद्रा धरलेला, आणि खालून मुंग्यांची रांग — नुसती जाणारी. परत येणारी असेलही, पण जान्हवीला ती दिसत नव्हती, कारण ती तोंडात ब्रश धरून मोरीच्या खिडकीतून बघत होती आणि चष्मा आत पलंगावर राहिला होता. मुटका कालचाच. म्हणजे काल दिवसभरातही नाही. पितृपंधरवड्यात पुण्याजवळच्या माण गावच्या कावळ्यांना एवढी आमंत्रणं असतात — घरोघरच्या गच्च्यांवर खीर, वडे, अळूची भाजी — की साध्या दहीभाताकडे कोण ढुंकून बघणार? कावळा झाला म्हणून काय त्याला चव नसते? असं मनाशी म्हणताना तिला हसू आलं आणि लागलीच ते, तोंडातल्या फेसाबरोबर, थुंकून टाकावंसं वाटलं. हल्ली असंच होतं. जरा हसू आलं की पाठोपाठ विश्राम येतो. पाण्यातून काढलेला नव्हे — तसा तिने पाहिलेलाच नाही — तर वर्तमानपत्रातल्या फोटोतला, कुणाच्या तरी लग्नात फेटा बांधून हसणारा विश्राम.

मुटका सगुणाबाईंचा. त्या घरमालकीण, खाली राहतात. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या, त्यांतली गच्चीला लागून असलेली ही जान्हवीची. सगुणाबाईंचे मालक, भिकूतात्या, वैशाखात गेले. अजून वर्ष झालेलं नाही, तेव्हा ह्या पंधरवड्यात त्यांचं पान घालत नसतात, असं जावेने बजावून सांगितलं, तर सगुणाबाई म्हणाल्या, "मला नगं शिकवू. जिचा मानूस उपाशी गेला तिला इचार." आणि त्या गुडघे धरत जिना चढतात, कठड्यावर मुटका ठेवतात, हात जोडतात, थोडं थांबतात, खाली जातात. कावळा येत नाही असं नाही. येतो, पलीकडच्या टाकीवर बसतो, मान वाकडी करून बघतो आणि उडून जातो.

उपाशी गेला, कारण दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. जान्हवी त्या दिवशी रजा टाकून नदीवरच्या घाटावर गेली होती. फरशीवर मांडलेला पिंड, मागे खुर्च्यांवर पाहुणे, माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं. मग भाषणं संपली, पुढारी आपापल्या गाड्यांत बसून दुसऱ्या दहाव्याला गेले आणि उरली ती घरची माणसं, पिंडाकडे आणि उंबराच्या फांदीकडे आळीपाळीने बघत. कावळा येईना तर मागे राहिलेल्यांनी एकेकाने पुढे व्हायचं, गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि मोठ्याने वचन द्यायचं. तात्यांच्या भावाने बांधाचं भांडण मिटवायचं वचन दिलं. कावळा ढिम्म. मग सगुणाबाईंच्या भावाने किशोरला — हा त्यांचा एकुलता एक मुलगा, शिक्षण अर्धवट सोडून गावात नुसता हिंडणारा — खांद्याला धरून पुढे केलं आणि म्हणाला, "तात्या, ह्येला कामाला लावतो. पोराची काळजी सोडा." तेव्हा कावळा उतरला. फरशीवर आला... एक उडी, दुसरी उडी... सगुणाबाईंनी जान्हवीचं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती — आणि भोंगा वाजला. उंबरावरचे सगळे कावळे एकदम उठले आणि नदीपलीकडे गेले. पुढे तासभर वाट बघून भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि उरकून घेतलं.

भोंगा जान्हवीच्या कंपनीचा. वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी चढायला लागली की काठच्या खांबांवरचे हे भोंगे वाजायचे, आणि एरवी रोज सकाळी एकदा, आम्ही जिवंत आहोत हे सांगायला, वाजायचे. कुठल्या भोंग्याने कधी आणि केवढ्याने वाजायचं ही ताकीद खांबावर नसते. ती क्लाउडवर असते — म्हणजे दूर कुठेतरी, कुणा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर — आणि तिथून खांबाकडे धाडायची असते. ह्या धाडण्याला डिप्लॉयमेंट म्हणतात आणि ते जान्हवीचं काम. गंगाखेडला तिचे वडील शेजाऱ्यांना सांगतात की आमची मुलगी पुण्याला ढगातून यंत्रं चालवते. घाटावरून परतताना सगुणाबाई एकदाच म्हणाल्या, "तुमच्या भोंग्यानं माज्या मानसाला उपाशी धाडलं, पोरी." एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा वर पाठवला. मी तो चहा प्यायले. पिऊ नये असं वाटत होतं, तरी प्यायले.

तिने तोंड धुतलं, चष्मा लावला, आणि खाली आली. किशोर ओट्यावर बूट घालत बसला होता, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले — नोकरीच्या पहिल्या दिवशी बसला होता तसा. ती नोकरी तिनेच लावून दिलेली. मामाचं वचन मामा विसरला आणि ते पुरं केलं भाडेकरणीने. खांबांची देखभाल, बॅटऱ्या, वायरी. आता कंपनीने त्याला घरी बसवलं होतं आणि तो रोज पौडच्या पोलीस ठाण्यात जात होता, बोलावलं की.

"आज परत?" तिने विचारलं.

"व्हय. साहेब म्हनले, कंपनीचा कागद आल्याबिगर सोडनार न्हाई. रोज तेच. वायर का काढली, वायर का काढली." त्याने नाडी आवळली. "मी म्हनलं, पेटी उघडली ती मागनं, भोंगा का वाजला न्हाई ते बघाया. लोकांनी मला पेटीपाशी बघितलं तेवढंच धरून बसल्यात."

आत सगुणाबाईंचं भाकऱ्या थापणं ऐकू येत होतं. किशोरने आवाज खाली आणला.

"म्या तुमचं नाव घेतलं न्हाई, ताई. कशाला घ्यायचं? म्या सांगितलं, तुमी केलं. आन् मशीनीत सगळं हाय ना? तुमीच म्हनायचा, क्लाउडमधनं काय पुसलं जात न्हाई. तितनं निघू द्या. मानसाचं कोन खरं धरतंय? मशीन बोलली की गप बसतील."

"हो," ती म्हणाली. एवढंच, हो. आणि स्कूटरला किल्ली लावली.

डंपरच्या मागे, चिखलाने अर्धा झालेल्या रस्त्यावरून ती चालली होती आणि तो 'हो' कानात अडकून राहिला होता. मशीन बोलेल. किती विश्वासाने म्हणाला... एखादं लेकरू म्हणतं ना, बाई सांगतील खरं काय ते, तसं. पण किशोर, मशीन आपणहून बोलत नाही रे. तिला विचारावं लागतं. आणि ती विचारलं तेवढंच सांगते, एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. कोर्टात उभ्या केलेल्या हुशार साक्षीदारासारखी. आणि विचारणार मी. मलाच विचारायला बसवलंय.

सुरुवात किती साधी होती. कामाला लागून महिना होतो न होतो तोच किशोर सांगत आला की घाटाकडची माणसं मागे लागलीत, दहाव्याच्या दिवशी सकाळचा भोंगा तेवढा बंद ठेवा. तिला सगुणाबाईंची नखं आठवली आणि ती लगेच हो म्हणाली. चाचणीची वेळ सगळ्या खांबांना मिळून एकच. एकट्या घाटाच्या खांबाची बदलायची तर कौस्तुभची, म्हणजे तिच्या साहेबाची, परवानगी काढा, बैठक घ्या, कावळ्याची भानगड त्याला समजावून सांगा. त्यापेक्षा सोपं म्हणजे त्या खांबाचा आवाज सकाळपुरता शून्य करायचा. विधी उरकला की किशोरचा मेसेज येई, 'शिवला', आणि ती आवाज परत पूर्ण करी. प्रत्येक वेळी शेऱ्यात ती नाव लिही — दहावा, अमुक. 'शिवला' वाचून तिला दिवसभर बरं वाटायचं. ऑफिसातल्या कुठल्याच कामाने कधी कुणाच्या जिवाला शांती मिळाली नव्हती, आणि इथे तर साक्षात मेलेल्या माणसांना... काय ऐट होती तेव्हा. आवाज शून्य म्हणजे नुसती चाचणी गप्प नव्हे, भोंगाच गप्प, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. तासाभराचा तर प्रश्न, म्हणून सोडून दिलं होतं. आणि प्रत्येक वेळी तास निभावला, म्हणून पुढच्या वेळी ते मनातही आलं नाही.

धोंडाबाईंच्या दहाव्याला किशोरला फोन आला तो खुद्द विश्रामचा, त्यांच्या मुलाचा. आईचा जीव लई अडकलेला हाय, शिवला पायजे. शिवला. पिंड ठेवून मागे सरेपर्यंत शिवला, म्हातारी पुण्यवान म्हणून बायकांनी हात जोडले, आणि मग मुंडन केलेले भाऊ आंघोळीला पाण्यात उतरले. किशोर गाडीवर टांग टाकून दुसऱ्या खांबाकडे निघाला होता, मेसेज नंतर करू म्हणून. वरून पाणी सुटलं होतं. पातळी चढली आणि भोंगा आपल्या ताकदीप्रमाणे... नाही, ताकिदीप्रमाणे, वाजला. शून्य आवाजात नेमाने वाजत राहिला. बाकीचे दगड धरून वर आले, विश्राम नाही. मग मेसेज आला, 'शिवला', आणि तिने, जेवणाचा डबा उघडता उघडता, आवाज पूर्ण केला.

ऑफिसात एसीचा गारठा होता. कौस्तुभ तिच्या आधी येऊन बसला होता. सूसहून तो गर्दी टाळायला लवकर निघतो. माणूस वाईट नाही. बापाच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा स्वतः नेतो, कुणाला ओरडत नाही. तिच्या टेबलाशी येऊन त्याने खुर्ची ओढली.

"जान्हवी, घाटाच्या खांबाचं डिप्लॉयमेंट कॉन्फिगरेशन एपीआयने काढ आणि मला पाठव. उद्या सकाळी पौडला द्यायचंय. लेटेस्ट फक्त."

"त्या दिवशीचं लागेल ना त्यांना?"

"त्यांनी कॉन्फिगरेशन मागितलंय. हिस्टरी नाही मागितलेली." तो तिच्या कीबोर्डकडे बघत होता. "मी मागितलं तेवढं दे. आणखी गावांचं काम यायचंय, चाळीस मुलं आहेत इथे. त्या किशोरला फार काही होणार नाही. निष्काळजीपणा. सुटेल तो."

"त्याने वायर काढली नाही."

"तू होतीस तिथे?" तो हळूच म्हणाला. मग उठला. जाता जाता त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच, आणि त्या हाताने तिला सगळं सांगितलं... हा जाणतो. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ह्याने सांगितलं होतं, सगळ्या खांबांना एकदा नवं कॉन्फिगरेशन, म्हणजे तीच ताकीद, पाठव, सेफ साइड म्हणून. आणि ती घाबरून, चांगलं काही करतोय अशा समजुतीने, भराभर पाठवत सुटली होती. त्यामुळे आता शेवटचं म्हणजे ते. त्या दिवसानंतरचं, त्याच्यावर अंथरलेलं. आणि अंथरलं कुणी? माझ्या हातांनी, माझ्या नावाने.

तिने प्रश्न टाईप केला. एपीआय म्हणजे दुसरं काय, क्लाउडला प्रश्न विचारायची ठरलेली रीत. खिडकीवरच्या कारकुनाला कसं, नमुन्याप्रमाणे विचारलं तरच तो मान वर करतो. ह्या प्रश्नात एक जागा अशी असते की तिथे सांगायचं — सगळा इतिहास हवा की फक्त शेवटचं. काहीच सांगितलं नाही तर तो फक्त शेवटचं देतो. म्हणजे खोटं बोलायला काहीही करावं लागत नाही. ती जागा रिकामी सोडायची, एवढंच. तिने सोडली आणि कळ दाबली.

आवाज पूर्ण. चाचणी रोज सकाळी. पातळी ओलांडल्यास वाजावे. स्थिती यशस्वी. किती स्वच्छ उत्तर. एकही शब्द खोटा नव्हता. आईची शपथ घेऊन सांगावं असं उत्तर. तिने ते एका फाईलमध्ये ठेवलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी वाढदिवसाचा केक कापायला बोलावत होतं. तिने हात हलवून नंतर येते म्हटलं.

मग त्या रिकाम्या जागेत तिने लिहिलं, सगळा.

उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते वरून खाली वाहत आलं. शून्य, पूर्ण. शून्य, पूर्ण. प्रत्येक शून्यापाशी एक नाव — कुणाचे आजोबा, कुणाची नुकती बाळंत झालेली सून, एक मास्तर — घाटावरचे ह्या पावसाळ्यातले सगळे मेलेले तिच्या पडद्यावर ओळीने येऊन उभे राहिले, आणि तिला विचित्र वाटलं की ह्यांतल्या एकालाही आपण ओळखत नाही आणि ह्या सगळ्यांच्या जेवणाची व्यवस्था आपण केली. फक्त भिकूतात्या त्यांत नव्हते. शेवटाकडे धोंडाबाई. दहावा, धोंडाबाई, आवाज शून्य, पाठवणारी जान्हवी. त्याखाली विश्रामचं नाव यायला हवं होतं, पण त्याच्या दहाव्याला कुणी भोंगा बंद ठेवा म्हणून सांगायला आलं नव्हतं. घाटाकडचं कुणीच आता काही सांगत नाही. भोंगा बंद ठेवायला कोण सांगत होतं, विचारलं तर म्हणतात, आमाला काय म्हाईत.

मला भीती वाटते. हे बरोबर की ते चूक, हे सगळं नंतरचं. आधी भीती वाटते. पौडच्या बाकावर किशोरऐवजी मी. गंगाखेडला पेपर जाईल. दादा, म्हणजे वडील, चष्मा पुसून पुन्हा वाचतील, आपलीच जान्हवी का म्हणून. लहानपणी आजोबांच्या दहाव्याला गोदावरीच्या काठी त्यांनीच तिला सांगितलं होतं, जीव कशात तरी अडकलेला असतो गं, म्हणून कावळा येत नाही. तिने विचारलं होतं, मेलेल्याचा का जिवंताचा? दादांनी टपली मारली होती. तेव्हा कावळा पटकन आला होता आणि ती हिरमुसली होती, कारण तिला अजून गंमत बघायची होती.

तिने दुसरीही फाईल ठेवली. पहिलीच्या शेजारी. दोन फायली, दिसायला सारख्याच. कौस्तुभला तिने सांगितलं, डोकं दुखतंय, घरून पाठवते; तो म्हणाला, टेक केअर, फक्त आज पाठव. तिच्या डोळ्यांकडे त्याने बघितलं नाही. उन्हं कलायच्या आत ती माणला परत होती.

ओट्यावर किशोरच्या चपला होत्या, बूट नव्हते. अजून आला नव्हता. ती जिना चढली तर गच्चीत सगुणाबाई, पाठमोऱ्या, कठड्याशी. शिळा मुटका काढून त्यांनी ताजा ठेवला होता, वाफ अजून निघत असावी, वर तुपाची धार सोडलेली.

"आलीस?" त्या न वळता म्हणाल्या. "पोराला बसवून ठेवलंय तितं. फोन आलता. म्हनला, आये, उंद्या कंपनीचा कागद येनार हाय, मग सुटतो. कागद तूच काढनार म्हनं."

"हो, मावशी."

"मग काय घोर न्हाई." पदराने त्यांनी हात पुसले. टाकीवर कावळा येऊन बसला होता, तोच की दुसरा, कावळे कुणी ओळखावे. "जानवी, एक कर. आमी समदी बोलून दमलो. आज तू बोल त्येस्नी. पोराला कामाला तू लावलंस, तुजं ऐकतील. म्हन, किशोरचं काय वाईट व्हायाचं न्हाई, मी हाये. मोठ्यानं म्हन."

"मी... मी काय बोलू, मावशी?"

"सांगितलं न्हवं आत्ता? तेवढंच." आणि आता त्या वळल्या. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या, भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तशा, आणि जान्हवीला वाटलं, ह्यांना माहीत आहे. मग वाटलं, नाही, काही माहीत नाही, म्हातारी बाई आहे, मुलगा घरी आलेला नाही. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तिला ठरवता येईना.

लॅपटॉपची पिशवी खांद्यालाच होती. ती काढून खाली ठेवावी की नको, हा विचार ती उगीचच बराच वेळ करत राहिली. मग तशीच पुढे झाली, कठड्याशी उभी राहिली, हात जोडले. तूप आणि भाताचा वास आला आणि कडकडून भूक लागली. दुपारी ती जेवलीच नव्हती. मागे सगुणाबाईंचा श्वास. तिने तोंड उघडलं. किशोरचं — एवढाच शब्द आला, तोही पुटपुटल्यासारखा.

पण कावळ्याने मान वाकडी केली. टाकीवरून तो उतरला आणि कठड्याच्या टोकाला आला. एक उडी. थांबला. सगुणाबाईंची बोटं तिच्या मनगटावर आली, वैशाखात आली होती तशीच, नखांसकट. आणखी एक उडी. इतक्या जवळ की त्याच्या मानेवरचा राखी रंग आणि डोळ्यातला ओला ठिपका तिला स्पष्ट दिसला. आता कुठलाही भोंगा वाजणार नव्हता. शिवला तर वचन दिल्यातच जमा. जान्हवी हात जोडून तशीच उभी राहिली, श्वास रोखून, आणि घाटावरच्या आजवरच्या कुठल्याच माणसाने मागितलं नसेल ते, सगळा जीव एकवटून, मनातल्या मनात मागत राहिली — शिवू नकोस.